साइड व्हीलवाल्या अ‍ॅक्टिव्हाला एलईडी टेल-ब्रेक दिवे: वायरिंग कुठे चुकतंय?

सांगली_तीनचाकी
नमस्कार मंडळी. जुनी कार्बोरेटरवाली अ‍ॅक्टिव्हा आहे, साइड व्हील (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जोडतात ती जादा चाकं) बसवून आरसीवर नोंदही झालीय. मधला टेल लॅम्प कंपनीचाच, २१/५ वॅटचा बल्ब. चाकं बाहेर येतात आणि रात्री मागच्याला रुंदीचा अंदाज येत नाही, म्हणून दोन्ही मडगार्डवर लाल एलईडी दिवे लावले. प्रत्येकाला तीन वायरी: काळी, लाल, पिवळी. अर्थिंग, म्हणजे निगेटिव्हकडे परतायची वायर, साइड व्हीलच्या फ्रेमच्या बोल्टला दिलंय.

हेडलाइट लावला की दोन्ही दिवे भगभगीत पेटतात, ब्रेक दाबून काडीचा फरक पडत नाही. आयडलला थरथरतात. डावा खड्ड्यात विझतो, पुन्हा लागतो. इंडिकेटरही एलईडी केलेत, ते पिसाटल्यासारखे फडफडतात. बल्बएवढा करंट ओढणारा लोड रेझिस्टर लावू का?

विजेरी
हे चार वेगळे आजार आहेत, एका औषधाने जाणार नाहीत.

ब्रेकचा फरक दिसत नाही कारण टेल आणि ब्रेकच्या वायरी उलट जोडल्यात. प्रखर बाजू टेलच्या लाइनवर आहे, ती आधीच पूर्ण पेटलेली. ब्रेक दाबल्यावर मंद बाजू पेटते, ती त्यात दिसणार कुठून? बाजारातल्या दिव्यांच्या वायरींच्या रंगावर जाऊ नका. दिवा सोडवून काळी बॅटरीच्या निगेटिव्हला धरा, लाल आणि पिवळी आळीपाळीने पॉझिटिव्हला लावा. मंद पेटेल ती टेल, प्रखर ती ब्रेक.

गाडीच्या बाजूला होंडाचे रंग असे: तपकिरी टेल, हिरवीवर पिवळा पट्टा ती ब्रेक, नुसती हिरवी अर्थिंग. होंडात काळी वायर म्हणजे चावीनंतरचा पॉझिटिव्ह. दिव्याची काळी गाडीच्या काळीला जोडायची चूक पुष्कळ जण करतात. गाडीची काळी चुकून फ्रेमला टेकली तर फ्यूज गेलाच.

थरथरीसाठी साधी परीक्षा: इंजिन बंद, चावी ऑन, हेडलाइटचा स्विच ऑन. मधला टेल पेटला नाही, पण ब्रेक दाबल्यावर ब्रेक लाइट लागला, तर टेल बॅटरीवर नाही, थेट मॅग्नेटच्या (इंजिनवर फिरून वीज करणाऱ्या भागाच्या) एसीवर आहे. जुन्या स्कूटरींत हे सर्रास असतं. बल्बची तार तापलेली राहते म्हणून तिथे कळत नाही, एलईडी मात्र प्रत्येक ठोक्याला विझतो. मधला बल्ब तपकिरीवरच राहू द्या. बाजूच्या दोन दिव्यांचा टेल तेवढा गाडीच्या काळीवरून घ्या, २ अँपिअरचा इनलाइन फ्यूज टाकून. रिले नको, एवढासा करंट त्याला लागत नाही. चावी ऑन असेतोवर दिवे लागलेले राहतील, गाडी उभी करताना चावी तेवढी काढा.

गॅरेजकट्टा
डाव्याचं दुखणं अर्थिंगचं आहे. साइड व्हीलच्या फ्रेमला पावडर कोटिंग असतं, जोडावर बऱ्याचदा रबरी बुश. बोल्ट कितीही आवळा, करंट परतायला भरवशाचा रस्ताच नाही. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक दिव्याच्या काळीला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. ब्रेक दाबून फ्रेम हलवा. ०.२ व्होल्टच्या वर आकडा गेला की चोर सापडला.

कोटिंग खरवडत बसू नका, पहिल्या पावसात गंज धरतो. दोन्ही बाजूंना ०.७५ चौरस मिमीची वेगळी अर्थिंग वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत न्या. चाक शॉकअपवर वर-खाली होतं, तिथे वायरीला हातभर नको, पण चार बोटं ढील द्या आणि नालीदार स्लीव्ह घाला. वाकणाऱ्या जागी सोल्डर करू नका. सोल्डर संपतं तिथे वायर कडक होते आणि आतल्या तारा एकेक करून तुटतात. वरून इन्सुलेशन शाबूत दिसतं म्हणून तासभर शोधत बसावं लागतं.

इंडिकेटरना रेझिस्टर नकोच. १० वॅटच्या बल्बची जागा घ्यायची तर तो तेवढाच तापणार, तोही प्लास्टिकच्या पॅनलला चिकटून. एलईडीला चालणारा फ्लॅशर (इंडिकेटरची उघडझाप करणारा डबा) घ्या, पिना जुन्याएवढ्याच बघून. मीटरमध्ये डावी-उजवी मिळून इंडिकेटर चालू असल्याचं दाखवणारा एकच पायलट दिवा असेल तर त्यातून करंट पलीकडे जाऊन चारही इंडिकेटर लागतील. तेव्हा करंट एकाच दिशेने जाऊ देणारे १एन४००७चे दोन डायोड: इंडिकेटरच्या नारिंगी (डावी) आणि फिक्या निळ्या (उजवी) वायरीवरून एकेक, डायोडवरच्या पट्ट्याकडची टोकं एकत्र करून पायलटला, पायलटचं दुसरं टोक अर्थिंगला.

सांगली_तीनचाकी
वायरी खरंच उलट होत्या. इंजिन बंद ठेवून मधला टेल लागत नाही, म्हणजे एसीच. अर्थिंग उद्या ओढतो. मग मधला बल्बही एलईडी करून टाकू का?

विजेरी
नका करू. त्या लॅम्पच्या खालच्या पारदर्शक काचेतून नंबर प्लेटवर उजेड पडतो. लाल एलईडी घातलात तर प्लेट लाल दिसेल, आणि तिथे पांढराच उजेड लागतो. पांढरा घातलात तर लाल काचेतून ब्रेक फिका, गुलाबीसर दिसतो, कारण पांढऱ्या एलईडीत लाल उजेड कमीच.

शिवाय गाडी धुतल्यावर लिव्हरच्या ब्रेक स्विचमध्ये पाणी राहिलं की त्यातून किंचित करंट झिरपतो. सध्या तो २१ वॅटची तार गिळते. सगळेच एलईडी झाले की ब्रेक न दाबताही दिवे मिणमिणतील आणि ब्रेकची वायर आणि अर्थिंग यांच्यामध्ये १ किलोओहम, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर बसवायची वेळ येईल.