ताठा गुण की दोष? सुधाकर आणि सिंधू

स्वाभिमान म्हणजे गुण आणि अहंकार म्हणजे दोष अशी वाटणी आपण सहज करतो. राम गणेश गडकरींचं ‘एकच प्याला’ (१९१९) हे नाटक पुन्हा वाचलंत तर ती टिकणार नाही. नायक सुधाकरला नावाजलेला वकील करतो तो ताठा आणि कोर्टात मान खाली घालू देत नाही तो ताठा एकच. वकिलीची सनद गेल्यावर त्याच ताठ्याला अपमान गिळता येत नाही. दारुडा तळीराम पहिला प्याला पुढे करतो तो नेमका तेव्हा. दारू नंतरची हो, जखम आधीची!

त्याच्या बायकोकडे, सिंधूकडेही बघा. माहेर श्रीमंत, घरात तान्हं मूल, तरी कुणाची मदत न घेण्याच्या शब्दाला जागून ती लोकांची दळणं दळते. तिचं हे बळच मदतीचं दार लावून घेतं.

पुण्यातल्या हौशी संघांना एक विनंती. पहिल्या अंकात सुधाकर दबलेला, ओशाळा करू नका. पाठ ताठ, आवाज ठाम हवा, नाहीतर कोसळायला उंचीच उरत नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ नाटकात (पुणे, १९७२) ही उंची मुद्दामच नाही: अपमान आधी, सत्ता नंतर. म्हणून घाशीरामची भीती वाटते, हळहळ मात्र सुधाकरसाठी.