डिस्लेक्सिया असलेल्या मुलासाठी होमस्कूलचा कुठला अभ्यासक्रम घ्यावा? (फोंडा)

फोंड्याची_आई

नमस्कार सगळ्यांना, प्रश्न जरा लांबडा आहे, सांभाळून घ्या. माझा मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत, इंग्लिश मीडियम. असेसमेंट झालंय, रिपोर्टात स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटी (वाचायची अडचण, म्हणजे डिस्लेक्सिया) आलीय, बुद्ध्यांक चांगला, पण वाचन पहिलीच्या पोराएवढं. तोंडी काही विचारा, सगळं सांगतो. पक्षी, बोटींची इंजिनं, चवथीला गणपतीवर टांगतात ती माटोळी कशी बांधतात तेसुद्धा. पण पुस्तक समोर धरलं की पोटात दुखतं. शाळेच्या बाई स्वभावाने चांगल्या आहेत पण भरलेल्या वर्गात त्या तरी किती बघणार, आणि आता तो रोज सकाळी रडतो म्हणून आम्ही दोघांनी जूनपासून घरीच शिकवायचं असं जवळजवळ ठरवलंय.

आता खरा घोळ. एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणी इंग्लिश वाचनाचं बार्टन घ्या म्हणतं, कोणी ऑल अबाऊट रीडिंग, कोणी म्हणतं केंब्रिजचं सगळं चौथीचं पॅकेज एकदम घेऊन टाका म्हणजे डोक्याला ताप नाही. किमती बघून मला घाम फुटला. घरी आम्ही कोंकणी बोलतो, सासूबाई मराठी पेपर वाचतात, शाळेत इंग्लिश आणि वर हिंदी, म्हणजे पोराच्या डोक्यात चार भाषा. कुठला अभ्यासक्रम घेऊ? आणि पुढे दहावीचं काय? मिस्टरांना तीच काळजी जास्त आहे.

म्हापशाची_रेमेडियल_टीचर

ताई, आधी पॅकेज घेऊ नका. चौथीचं सगळं एकत्र असलेलं पॅकेज तर अजिबात नको, कारण त्यात विज्ञानाचं पुस्तक चौथीचं असतं आणि ते वाचायला चौथीचं वाचन लागतं, तुमच्या मुलाकडे समज चौथीची किंवा त्याहून वरची आहे आणि वाचन पहिलीचं. चप्पल आपण वयावरून घेत नाही, पाय मोजून घेतो. तसं वाचन वेगळं मोजा, गणित वेगळं, आणि बाकीचे विषय कानाने शिकवा. तुम्ही वाचून दाखवा, त्याने ऐकायचं, तोंडी उत्तर द्यायचं, चित्र काढायचं. इतिहास आणि विज्ञान वाचनासाठी अडून राहता कामा नये, हुशार पोरांचं खरं नुकसान तिथेच होतं.

बार्टन आणि ऑल अबाऊट रीडिंग ही दोन्ही नावं वाईट नाहीत. दोन्ही ऑर्टन-गिलिंगहॅम पद्धतीवर आहेत, म्हणजे आवाजापासून सुरुवात, एका वेळी एकच गोष्ट, डोळा-कान-हात तिन्ही वापरून, आणि मागचं पक्कं झाल्याशिवाय पुढे नाही. बार्टनच्या दहा लेव्हल आहेत, दुसऱ्याच्या चार, आणि दोन्ही शिक्षक नसलेल्या आईबाबांना शिकवता येतील अशी लिहिलेली आहेत. पण ती फक्त इंग्लिश वाचनासाठी आहेत, बाकी शाळा त्यात नाही, आणि उच्चार अमेरिकन. पैसे असतील तर एकच लेव्हल घ्या, सगळा सेट नको.

माझं स्वतःचं मत जरा वेगळं आहे, काही जणांना पटणार नाही. कोंकणी-मराठी घरातल्या मुलाला आधी देवनागरी वाचायला शिकवा. इंग्लिशमध्ये एकाच आवाजाला सी, के, सीके अशी तीन-तीन सोंगं, देवनागरीत क म्हणजे क. आणि कोंकणी, मराठी, हिंदी तिन्ही त्याच लिपीत, एक दार उघडलं की तिन्ही घरं. एकदा पोराला 'मला वाचता येतं' असं वाटलं की इंग्लिशशी भांडायला बळ येतं.

पण देवनागरीसुद्धा सोपी नाही हं. शाळेत ग म भ न एकत्र शिकवतात कारण वळण सारखं, नेमकं तेच या मुलांना नडतं. सारखी दिसणारी अक्षरं लांब लांब ठेवा: घ-ध, भ-म, ब-व, प-ष. एक पक्कं झालं की काही आठवड्यांनी दुसरं. नंतर काना, मग दुसरी वेलांटी, आणि पहिली वेलांटी सगळ्यात उशिरा, कारण 'कि' मध्ये आवाज नंतर येतो पण खूण आधी काढायची, मुलं मग आवाजाप्रमाणे खूण क च्या नंतर काढतात आणि आपण ओरडतो. जोडाक्षरं शेवटी. र तर वेगळंच प्रकरण, सूर्यात डोक्यावर, प्राण्यात पायाशी, ट्रकात आणखी तिसरीकडे, त्याला स्वतंत्र महिना द्या. ताटात रवा पसरून बोटाने अक्षर काढायचं आणि काढताना आवाज मोठ्याने म्हणायचा. दिवसाला वीस मिनिटं, जास्त नाही, पण रोज.

वाचायला पुस्तकं विकत घेऊ नका, स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, लेव्हल एक ते चार अशा लावलेल्या, कोंकणीही आहेत. एनसीईआरटीची बरखा मालिका हिंदीत आहे, ती खास सगळ्या प्रकारच्या मुलांना चालेल अशी केलीय.

मडगावकर_बाबा

दहावीच्या काळजीवर मी लिहितो, आमच्या घरात हे होऊन गेलंय. एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, केंद्र सरकारची, १९८९ पासून आहे. दहावीला बसायला वय चौदा पूर्ण लागतं, म्हणजे तुमच्या हातात पाच वर्षं आहेत, आत्ता बोर्डाचा विचार करून झोप घालवू नका. त्याआधी पाहिजे तर ओबीई म्हणजे मुक्त मूलभूत शिक्षणाच्या ए, बी, सी लेव्हल आहेत, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या.

दहावीला पाच विषय पास व्हायला लागतात, त्यात किमान एक भाषा, बाकी तुम्ही निवडा. गृहविज्ञान, चित्रकला, डेटा एन्ट्री असे विषयही आहेत, मराठी माध्यमही आहे. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि पास झालेला विषय खात्यात जमा राहतो. आमच्या मुलीने दोन विषय एकदा, दोन नंतर असं करत करत काढले, एकाच मार्चमध्ये सगळे पेपर हे तिला झेपलंच नसतं. परीक्षेला जास्त वेळ आणि लेखनिक मिळतो, सरकारी दिव्यांग सर्टिफिकेट पाहिजे.

फक्त एक सावधगिरी, गणित सोडता येतं म्हणून लगेच सोडू नका. डिप्लोमा इंजिनिअरिंगसारखे रस्ते गणित-विज्ञानाशिवाय बंद होतात. मुलगा बोटींच्या इंजिनात रमतो म्हणता, मग गणित ठेवाच. केंब्रिज प्रायव्हेट कँडिडेट म्हणून देता येतं पण प्रत्येक विषयाची फी बघा आणि मग खाली बसा.

डिचोलीचा_मास्तर

मी उलटं बोलणार आहे, रागावू नका. शाळा सोडायची एवढी घाई का? २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात एकवीस प्रकार आहेत आणि तुमच्या मुलाचा प्रकार त्यात नावानिशी आहे. कलम १७ मध्ये परीक्षेला जास्त वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे चार भाषांचं ओझं शाळेत राहूनही कमी करता येतं, पण ते मागावं लागतं, लेखी, रिपोर्टाची झेरॉक्स जोडून. तोंडी सांगितलेलं कोणी लक्षात ठेवत नाही हे मी मास्तर म्हणूनच सांगतोय.

सर्टिफिकेटसाठी बांबोळीला मानसोपचार संस्थेत, आयपीएचबीला, चौकशी करा. प्रायव्हेट रिपोर्ट वेगळा आणि सरकारी सर्टिफिकेट वेगळं, पुढे कामाला दुसरं येतं. आठ वर्षांच्या वर दाखला मिळतो, तुमचा मुलगा बसतो त्यात. गोव्यातल्या बऱ्याच शाळांत अशा मुलांना वेगळी मदत करणारे रिसोर्स टीचर आहेत, तुमच्याकडे नसेल तर जवळच्या शाळेत विचारा, शाळा बदलणं हाही एक मार्ग असतो.

आणि कायद्याचं बोलायचं तर होमस्कूलिंगबद्दल आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यामध्ये, ना धड परवानगी ना धड बंदी. २००९ च्या या कायद्यात आईवडिलांनी मुलाला शाळेत घालावं असं आहे, पण घरी शिकवणारे लोक देशभर आहेत. चांगली गोष्ट ही की चौदा वर्षांपर्यंत परत यायचं झालं तर वयाप्रमाणे वर्गात प्रवेश द्यावा लागतो. शाळा सोडल्याचा दाखला मात्र नीट घेऊन ठेवा, तो मागायला नंतर फार फेऱ्या होतात.

फोंड्याची_आई

देव बरें करूं सगळ्यांना. मास्तर, रागावले नाही, उलट मिस्टरांना तुमचंच पटलंय. पण मुलगा सध्या शाळेच्या गेटपर्यंतही यायला तयार नाही, म्हणून एक वर्ष तरी घरी, आणि त्याच वेळी बांबोळीचे कागद करून घेतो. पॅकेजचा विषय संपला. सासूबाई तर खूश, त्यांना अक्षरं शिकवायचं काम मिळालं, फक्त त्यांना घ-ध एकत्र शिकवू नका हे समजावायला मला बराच वेळ लागणार.

गणिताचं कोणी काही लिहिलं नाही. तोंडी हिशेब बाजारात बरोबर करतो, वहीत २१ चे १२ होतात.

म्हापशाची_रेमेडियल_टीचर

मग त्याचं गणित पक्कं आहे, लिहिणं कच्चं आहे, दोन्ही एक समजू नका. गणितमाळ करा, शंभर मणी, दहा एका रंगाचे, दहा दुसऱ्या, घरीच दोऱ्यात ओवता येते. मराठीत एकवीस बोलताना एक आधी येतो, इंग्लिशमध्ये वीस आधी, म्हणून दोन भाषांच्या मुलाचं उलटं होणं आणखी वाढतं. सहा महिने संख्या एकाच भाषेत म्हणा, त्याला सोपी वाटते ती. दशकासाठी काड्यांची जुडी आणि एककासाठी सुट्या काड्या, आधी हातात मांडायचं मग वहीत. चौरसाची वही घ्या, एका घरात एकच आकडा, दशकाच्या रकान्याला हलका रंग लावा. पाढे पाठ होत नसतील तर तक्ता समोर ठेवून गणितं सोडवू द्या, तक्ता बघणं म्हणजे कॉपी नाही.

मडगावकर_बाबा

+१ तक्त्याला. आमच्याकडे फ्रिजवर होता, शेवटी बघायचा बंद झाला तो आपोआप.

फोंड्याची_आई

काड्या, मणी उद्याच आणते, बाजार आहेच. एक छोटं विचारायचं राहिलं, ते ताटात रवाच पाहिजे का? पावसात मुंग्या होतील.

म्हापशाची_रेमेडियल_टीचर

रवा नको तर रांगोळी घ्या, पांढरी, साधी. खाली काळा कागद ठेवा म्हणजे अक्षर उठून दिसतं. आणि ताट स्टीलचं घेऊ नका, नख घासलं की आवाज होतो, काही मुलांना तो सहन होत नाही. प्लॅस्टिकचा ट्रे बरा.