मदत हवी आहे: सोर्सची झिप टाकणं बंद करायचंय, गिट हिस्टरी कशी खुली करावी?

नमस्कार मंडळी,

पुण्यात एका छोट्या कंपनीत फर्मवेअरचं काम करतो. आमचा राउटर लिनक्सवर चालतो, बिल्ड बिल्डरूटने (सगळे भाग जोडून फर्मवेअर तयार करणारं साधन). कर्नल (लिनक्सचा गाभा) जीपीएल २ या खुल्या लायसन्सखाली, म्हणजे सोर्स (मूळ कोड) देणं भाग. देतोही. पण फर्मवेअर जाऊन दोन-तीन आठवडे झाले की कुणाला तरी आठवतं, मग घाईघाईत एक झिप साइटवर चढते. शेवटची होती 'सोर्स_फायनल_२_नवीन'. (हसा, हसा.) आत मूळ कर्नल आणि आमचे बदल, सगळा काला.

गेल्या महिन्यात एका ग्राहकाने वायफाय ड्रायव्हरचा बग शोधून आठ ओळींचा पॅच (कोडमधला दुरुस्तीचा बदल) पाठवला. तो लागेचना. त्याच्याकडची झिप दोन रिलीज जुनी, त्यात कुठली ओळ मूळची नि कुठली आमची हे कळायला काही सोयच नाही. वर त्याने विचारलं, बिल्ड स्क्रिप्ट कुठे आहेत? लायसन्सच्या कलम ३ नुसार त्याही सोर्समध्येच धरतात. मला हे त्याच्या मेलमुळे कळलं, काय सांगू!

आरएचइएल ६ (रेड हॅट कंपनीचं लिनक्स) च्या कर्नलचे पॅच रेड हॅटने सुटे न देता एकत्र करून दिले, त्यावरून २०११ मध्ये बराच गदारोळ झाला होता. त्यांनी ते ठरवून केलं, आम्ही निव्वळ आळसाने.

बिल्डरूटची 'मेक लीगल-इन्फो' ही कमांड चालवून पाहिली. पॅकेजांचे टारबॉल, पॅच, लायसन्स एका फोल्डरात येतात. बिल्डरूटचा स्वतःचा सोर्स तेवढा आपण जोडायचा. ते जमेल.

खरी अडचण आमच्या रेपोची, म्हणजे गिटमधल्या कोडच्या साठ्याची. कमिट (नोंदवलेला बदल) मेसेजात ग्राहकांची नावं आहेत, आणि एका महाभागाने साइनिंग की (फर्मवेअरवर सही करायची गुप्त किल्ली) सुद्धा कमिट केली होती. फिल्टर-रेपो या हिस्टरी बदलणाऱ्या साधनाने साफ करता येईल, पण हॅश (प्रत्येक कमिटचा ओळख-क्रमांक) बदलतात. एकदा खुलं केल्यावर पुन्हा काही सापडलं तर लोकांचे क्लोन (उतरवून घेतलेल्या प्रती) बोंबलणार.

माझा कल असा: जुनी हिस्टरी आतच ठेवायची. मूळ कर्नलच्या टॅगवर आमचा प्रत्येक बदल स्वच्छ मेसेजसह वेगळा कमिट करायचा आणि फर्मवेअर निघतं त्याच सीआय जॉबमधून (आपोआप चालणाऱ्या बिल्डमधून) सही केलेला टॅग पुश करायचा. साहेबांचं म्हणणं (कॉपीबारा म्हणजे एका रेपोतला कोड बदलून दुसऱ्यात नेणारं गूगलचं साधन), "कॉपीबारा लाव, आतला रेपो आपोआप बाहेर जाईल."

चार जणांच्या टीमला कॉपीबारा झेपतं का? आणि कर्नल पुढच्या आवृत्तीवर नेताना तुम्ही सार्वजनिक ब्रँच रीबेस करता (आपले कमिट नव्या आवृत्तीवर पुन्हा रचता), की दर वेळी नवी काढता?