मदत हवी आहे: पॅच टेस्टमध्ये निकेल या धातूची अ‍ॅलर्जी निघाली. पाचात एकाला स्पर्शाची अ‍ॅलर्जी असते म्हणे, खरं का?

बेंबीखाली बरोबर जीन्सच्या बटणाएवढा चट्टा, खाजवून खाजवून खरबरीत झालेला. वर्षभर गजकर्ण समजून मलमं चोपडली. शेवटी त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी पॅच टेस्ट करायला लावली. पाठीवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या, ४८ तास पाठीला पाणी नाही (घरचे लांबूनच बोलत होते), मग मार्करच्या खुणा आणि दोन दिवसांनी पुन्हा दाखवायला. निकेलची जागा चांगलीच सुजली होती. सुगंधी मिश्रणाच्या जागीही थोडी लाली होती. पण परफ्यूम तर मी वर्षानुवर्षं लावतोय, कधीच काही झालं नाही!

डॉक्टर म्हणाल्या, पाचात एकाला कसली ना कसली स्पर्शाची अ‍ॅलर्जी असतेच. हे काही पचत नाही. ऑफिसात आम्ही चाळीस जण, म्हणजे आठ जण खाजवताना दिसायला हवेत. आकडा दवाखान्यात येणाऱ्यांचा आहे का? आणि परफ्यूम बंद करू का?

प्रतिसाद १:
दवाखान्यातला नाही. सर्वसाधारण लोकांच्या पॅच टेस्टचे अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये आकडा निघाला तो २०.१ टक्के. वीस हजारांवर माणसं होती त्यात. एकट्या निकेलचे ११.४. बायकांत एकूण २७.९, पुरुषांत १३.२, कान टोचून घातलेले स्वस्त दागिने हे त्याचं एक मोठं कारण.

तुमची गफलत 'असते' या शब्दात आहे. टेस्ट सांगते की शरीरातल्या टी-पेशींनी (रोगप्रतिकार करणाऱ्या पेशी) तो पदार्थ ओळखून ठेवलाय. पुरळ उठतं ते पुरेसा संपर्क आला तरच. तुमचे ते आठ जण "मला खोटं कानातलं सोसत नाही" म्हणून मोकळे झालेले असतील.

परफ्यूमचं डॉक्टरांनाच विचारा. फिकट लाली कधी नुसती जळजळ असते, ती वाचायला नजर लागते. निकेल मात्र घरी तपासता येतं. डायमिथाइलग्लायॉक्झिमचं किट मिळतं, बोळा वस्तूवर घासायचा, गुलाबी झाला की निकेल सुटतंय.

धागाकर्ता:
किट आणलं. बटण गुलाबी. बेल्टचं बकलही गुलाबी, त्याचा संशयच नव्हता. चष्म्याची दांडी मात्र गुलाबी न होता सुटली. आणि हो, जेवताना सहज विषय काढला तर टेबलावरच्या तिघी एकदम म्हणाल्या, "आम्हाला खोटं चालतच नाही."