४० वेळा टाकीत बसवलं की लकवा बरा होतो म्हणे

वसुधा_के
सोसायटीच्या ग्रुपवर परवा एक पोस्ट फिरत आली. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले कोणी काका हायपरबेरिक ऑक्सिजनची, म्हणजे बंद टाकीत दाबाखाली प्राणवायू देतात त्याची, ४० सेशन घेऊन चालायला लागले. तेव्हा फिजिओवाल्यांच्या नादी लागू नका, मेंदूला भूक असते ती प्राणवायूची. खाली हात जोडलेल्यांची रांग. तिथे तोंड उघडलं असतं तर 'ताई, पॉझिटिव्ह राहा' एवढंच ऐकावं लागलं असतं, म्हणून इथे लिहिते.

आईला स्ट्रोक आला तेव्हा उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेली. पाचव्या महिन्यात आम्हीही तिला त्या टाकीत घातलं. सेशनला साडेतीन हजार, ४० सेशन, एक लाख चाळीस हजार आगाऊ. दार लागलं की आत दाब वाढतो आणि कानाला दडे बसतात, खंडाळ्याच्या घाटात बसतात तसेच, पण सणसणून. आपण आवंढा गिळतो, नाक दाबून फुंकर मारतो. आईला पाणीसुद्धा घट्ट करून चमच्याने द्यावं लागत होतं, ती कुठला आवंढा गिळणार? आणि दुखतंय हे सांगायला वाचा कुठे होती? दहाव्या दिवशी ती डाव्या हाताने आतून काचेवर टकटक करत राहिली. टेक्निशियन मला म्हणाला, 'आजी टाटा करताहेत बघा.' मीही हसून टाटा केला. संध्याकाळी तिच्या कानातून रक्त आलं.

आता 'संशोधन आहे' म्हणणाऱ्यांसाठी. सगळे नाचवतात तो पेपर इस्रायलचा, २०१३ चा. ७४ लोक घेतले, १५ वगळले. स्ट्रोक होऊन सहा महिने ते तीन वर्षं झालेले. दोन एटीए दाब (म्हणजे नेहमीच्या हवेच्या दुप्पट), ९० मिनिटं, आठवड्याला पाच दिवस, ४० सेशन. सुधारणा दिसली, मान्य. पण तुलनेतल्या गटाला खोट्या टाकीत बसवलंच नव्हतं. त्यांचा नंबर दोन महिन्यांनी लागला. म्हणजे आपण टाकीत जातोय की नाही हे प्रत्येकाला ठाऊक. कॉक्रेनने (जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था) २०१४ मध्ये ११ चाचण्यांमधले ७०५ पेशंट एकत्र तपासले, तिथे ठोस फायदा हाती लागला नाही. अंडरसी अँड हायपरबेरिक मेडिकल सोसायटीच्या यादीत मधुमेह्यांच्या पायाच्या जखमा आहेत, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा आहे, स्ट्रोक नाही. तेवढ्या पैशांत घरी येणारा फिजिओ किती महिने झाला असता, हिशोब ज्याचा त्याने करावा.

सडेतोड_सातारकर
आईंच्या कानाचं वाईट वाटलं, खरंच. पण एका टेक्निशियनच्या गाढवपणावरून अख्खी थेरपी मोडीत? मग सलाईनने हात सुजला तर सलाईनही बंद करा.

आणि कॉक्रेनचं नाव घेऊन दडपू नका. त्या चाचण्या स्ट्रोक नुकताच झालेल्यांवरच्या आहेत. आपण बोलतोय सहा महिन्यांपुढच्या पेशंटबद्दल. ही तुलनाच बसत नाही.

आमच्या दादांना (वडील, वय ६१) सव्वा वर्षापूर्वी झटका आला. सातव्या महिन्यात न्यूरोलॉजिस्टने फाइल न उघडता सांगितलं, 'आता आहे ते आहे.' बाहेर चाळीस नंबर बसलेले, त्यांचंही बरोबर असेल. टाकीवाल्या डॉक्टरने पाऊण तास दिला. एमआरआय उजेडावर धरून मेलेला भाग कुठला, झोपलेला कुठला ते दाखवलं. २२ व्या सेशनच्या संध्याकाळी दादांनी चहाचा कप बाजूला सारला आणि म्हणाले, 'गार.' सव्वा वर्षातला पहिला शब्द. आई चहा गरम करायला म्हणून उठली ती ओट्यापाशीच उभी राहिली, बराच वेळ. त्या शब्दाला तुम्ही खुशाल मनाचे खेळ म्हणा.

नाइलाजाने_फिजिओ
एमआरआय उजेडावर धरून 'झोपलेला' भाग दिसत नाही हो. इस्रायलवाल्यांनी त्यासाठी स्पेक्ट स्कॅन केले होते, मेंदूतला रक्तपुरवठा दाखवणारे, ती तपासणीच वेगळी. पण असो, पाऊण तास दिला ना, मग झालं.

एकच विचारते. टाकीच्या सेंटरवर दादांकडून आणखी काय काय करून घेतात?

बाकी आम्हा लोकांचं काय. आम्ही नावाआधी 'डॉ.' लावावं की नाही यावर सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीहून पत्र निघालं आणि लगोलग मागेही फिरलं. पेशंटच्या दारात त्याने काही बदललं नाही. बेल वाजवली की आतून आवाज येतो, 'अगं, ती मालिशवाली आली.'

पाणबुड्या_निवृत्त
नौदलात बावीस वर्षं. चेंबर आतून पाहिलाय. कुलाब्याला अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात तो मुळात पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठी. खोलातून वर यायची घाई झाली की रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे धरतात, माणूस सांध्यांनी पिळवटतो. चेंबरमध्ये पुन्हा दाबाखाली घेतलं की डोळ्यांदेखत सुधारतो. तेव्हा टाकीला नावं ठेवणाऱ्यांनी जरा जपून.

पण दोन एटीए म्हणजे दहा मीटर खोल पाणी, हेही विसरू नका. आत जाताना सुती कपडे, खिसे रिकामे, घड्याळ नाही, मोबाइल नाही, केसांना तेल नाही. तेलाचं लोक हसण्यावारी नेतात. प्राणवायू ठासून भरलेल्या जागेत तेलकट केस आणि एक ठिणगी पुरते. १९९७ मध्ये मिलानच्या रुग्णालयात चेंबरला आग लागली, ११ जण गेले. छातीत हवा साठलेली नाही ना, फिट येऊन गेली का, हे विचारल्याशिवाय दार लावत नाहीत. वसुधाताई, तुम्हाला विचारलं होतं का?

आणि हल्ली पार्लरच्या शेजारी चेन लावायच्या फुगीर पिशव्या निघाल्यात, १.३ एटीए, त्यातही कित्येकांत साधी हवा. त्याला हायपरबेरिक थेरपी म्हणायचं तर आमच्या घरच्या कुकरला पाणबुडी म्हणा.

वसुधा_के
विचारलं नव्हतं. एका छापील कागदावर सही घेतली. आणि हो, मी रोज रात्री आईच्या डोक्याला खोबरेल चोळत होते. आत्ता वाचून पाय गार पडले.

सडेतोड_सातारकर
@फिजिओ, स्पीच थेरपी असते, रोज पाऊण तास. हाताचे व्यायामही. पॅकेजमध्येच. 'मग गुण नेमका कशाचा' हे वाक्य तुम्ही टंकायच्या आधी मीच टंकतो, घ्या.

पण मग हेही सांगा, ही स्पीच थेरपी सव्वा वर्ष आमच्या दाराशी का आली नाही? मराठीतून शिकवणारं माणूस आमच्या भागात आम्हाला मिळालंच नाही. आज दोन महिन्यांसाठी पुण्यात खोली घेऊन राहिलोय, ते टाकीच्या निमित्ताने. टाकी नसती तर आलोच नसतो.

थोरली_सून
सगळे एटीए-एटीए खेळताय. रोज त्या माणसाला आंघोळ घालून, पँट चढवून, दोन जिने उतरवून रिक्षात बसवतं कोण? ४० वेळा? आमच्याकडे सासरे. मुलगे दोन, दोघेही 'ऑफिसमधून फोन करतो' पंथाचे. शेवटी पेशंट सांभाळायला ब्युरोचा मामा ठेवला, बारा तासांचे ९००. त्याने पहिल्याच आठवड्यात लुळ्या हाताला धरून ओढून उठवलं आणि खांदा निखळला. फिजिओ सहा महिने हात सोडवत होती, खांद्यावर सगळं अडलं. कुठल्याही टाकीपेक्षा मामाला एक दिवस शिकवलं असतं तर जास्त झालं असतं. दिवसभर रील्स बघतात आणि साडेसातला चपला घालून तयार.

कोपरगावकर
मूळ विषय सोडून बोलतोय, माफी. माझी आई ब्युरोतून मावशी म्हणून जाते. तुम्ही ९०० देता, तिच्या हातात ६०० पडतात. तिला कुणीही, कधीही, काहीही शिकवलेलं नाही. पहिल्या दिवशी दारात डायपरचं पाकीट हातात देतात आणि 'आजोबा जरा चिडके आहेत' एवढं सांगतात. जेवायचं ताट वेगळं. साडेसातला चपला घालते कारण आठची एसटी चुकली तर पुढची साडेनऊला. खांदा निखळला ते वाईटच, पण लुळा हात ओढायचा नसतो हे तिला सांगणार कोण होतं, ९०० घेणारा ब्युरो की तुम्ही?

थोरली_सून
मी काय सगळ्या मामामावशींना बोलले का? ताट वेगळं आमच्याकडे नाही. उगाच अंगावर येऊ नका.

कोपरगावकर
'दिवसभर रील्स बघतात' हे अनेकवचन तुमचंच.

नाइलाजाने_फिजिओ
दोघेही थांबा, कारण खांद्याचं हे मी आठवड्यातून एकदा तरी बघते. बगलेत हात घालून उचललं की झालं. लुळ्या बाजूला सांध्याला धरून ठेवणारे स्नायूच सैल असतात. उठवताना कमरेला धरा, पट्टा बांधा, आणि बसल्यावर हाताखाली उशी. एवढंच. हे घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं मी अजून पाहिलेलं नाही. मामा असो, मावशी असो, सून असो.

आणि सुनांनो, तुमच्यासाठी खाऊ. 'अटेंड' नावाची मोठी चाचणी आपल्याच देशात झाली, १४ रुग्णालयं, १२५० पेशंट, २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. घरच्या माणसाला शिकवून त्याच्याकडून रिहॅब करून घेतलं. सहा महिन्यांनी दगावलेले किंवा परावलंबी राहिलेले दोन्ही गटांत ४७ टक्के. फरक शून्य.

थोरली_सून
म्हणजे सुनेने राबून फायदा नाही हे लॅन्सेटने सांगितलंय? फ्रेम करून देवघराशेजारी लावते.

नाइलाजाने_फिजिओ
फ्रेम करण्याआधी पुढचं वाचा. दुसऱ्या गटालाही नेहमीचे उपचार मिळतच होते. 'व्यायाम कुचकामी' असं कुणी म्हटलेलं नाही. मला स्वतःलाही तो निकाल पचायला वेळ लागला, हे कबूल.

मिशिगनचा_माधव
ट्रॉय गाव आमच्यापासून वीस मिनिटांवर. जानेवारी २०२५ मध्ये तिथे चेंबरच्या आगीत पाच वर्षांचा मुलगा गेला. तेव्हा पाणबुड्याकाकांच्या तेलाला कुणी हसू नका.

दुसरं. खोट्या टाकीचं वसुधाताई म्हणाल्या, ते अमेरिकी सैन्याने करून पाहिलंय, स्ट्रोकमध्ये नव्हे, डोक्याला मार बसून तक्रारी राहिलेल्या ७२ जणांवर, २०१५ मध्ये छापून आलं. एका गटाला १.५ एटीएला प्राणवायू, दुसऱ्याला १.२ एटीएला साधी हवा, तिसऱ्याला टाकीच नाही. टाकीतले दोन्ही गट सुधारले, आपसात फरक नाही. म्हणजे सातारकरांचे दादा 'गार' म्हणाले ते खोटं नाही. ते प्राणवायूमुळे म्हणाले एवढंच सिद्ध नाही.

सडेतोड_सातारकर
वा. म्हणजे टाकीत गेल्याने सुधारतात, पण टाकीने नाही. पुण्याचा वकील लावा, असला युक्तिवाद त्यालाही सुचणार नाही.

वसुधा_के
माधव, हे मला टोचलं, कारण एक गोष्ट मी वर लिहिलेली नाही. टाकीच्या त्या दहा दिवसांत आई रोज सकाळी आठला तयार असायची. सुती साडी, वेणी, पावडर. डाव्या हाताने टिकली स्वतः लावायची, वाकडी. रिक्षावाला ओळखीचा झाला होता, तो 'काय आजी, आज कुठे दौरा?' म्हणायचा आणि ती हसायची. कान फुटल्यावर बंद केलं आणि ती गाऊनवर आली, ती आलीच. फिजिओ घरी येते, पलंगावर व्यायाम होतात, पण तयार होऊन कुठे जायचं नसतं. एक लाख चाळीस हजारांना मी अजूनही लूटच म्हणते. पण रिक्षा मी बंद करायला नको होती.

सातारकर, तुमचा न्यूरोलॉजिस्ट चुकला एवढं मात्र देते. सहा महिन्यांनी दार बंद होत नाही. हाताच्या व्यायामाच्या चाचण्यांत त्याहून जुने पेशंटही सुधारलेत. ते सांगायला त्याला टाकी लागली नसती, दहा मिनिटं लागली असती.

सडेतोड_सातारकर
दहा मिनिटं. मागून बघा एकदा.

बरं, माझंही एक देतो, वाजवून घ्या. काल सेंटरवर विचारलं, टाकी सोडून नुसती स्पीच थेरपी द्याल का. तशी पद्धत नाही म्हणाले. उरलेल्या १४ सेशनचे पैसे परत? तेही नाही. छापील कागदावर सही आहे, तुमच्यासारखीच.

@पाणबुड्या, फिट आणि छातीचं आज विचारून घेतलं. दादांना शाळेत असताना एकदा फिट आली होती असं आत्या म्हणते, आईला माहीतच नव्हतं. डॉक्टर उद्या बघतो म्हणालेत. साडेदहाचा नंबर आहे. तेल लावलेलं नाही.