मदत हवी आहे : मुलाखत घ्यायला गेले आणि अम्मांनी भाऊ शोधून मागितला

नमस्कार मंडळी,

मी नागपूरची. इतिहासात पीएच.डी. करते आहे. विषय आहे संघर्षकाळात कुटुंबांची होणारी सक्तीची ताटातूट, आणि त्यातही फाळणीच्या वेळी जी लहान मुलं होती त्यांच्या आठवणी. गेल्या दीड वर्षात जरीपटक्यात, म्हणजे इथल्या सिंधी वस्तीत, अकरा मुलाखती झाल्या. बाराव्या मुलाखतीत मी अडकले आहे, म्हणून हा धागा.

या अम्मा आज ८४ वर्षांच्या आहेत. कराचीहून बोटीत बसल्या तेव्हा सहा वर्षांच्या होत्या. कुटुंब मूळचं सिंधमधल्या लारकान्याकडचं. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि त्यानंतर सिंधी हिंदूंची निघण्याची एकच घाई उडाली, हे आपण वाचलेलं असतं. अम्मांना त्यातलं फक्त बंदर आठवतं. गर्दी, भिजलेले दोर, आईच्या हातातली पितळी परात. मोठा भाऊ, दहा-अकराचा, राहिलेलं गाठोडं आणायला काकांबरोबर मागे गेला. काका धावत आले. भाऊ आला नाही. बोट सुटली. पुढे मुंबई, कल्याण कॅम्प ही निर्वासितांची छावणी, मग नागपूर, कारण इथे मामांचं कापडाचं दुकान होतं. वडील दोन वर्षं पत्रं लिहीत राहिले.

अम्मा मराठी समजतात, पण बोलतात सिंधीतच. त्यांची नात दुभाषाचं काम करते. सुरुवातीला मी संमतीपत्र वाचून दाखवलं. त्यात एक ओळ आहे : 'या मुलाखतीतून आपणांस थेट लाभ होणार नाही.' नातीने ती सिंधीत सांगितली, अम्मांनी मान डोलावली. अडीच तास बोलल्या. रेकॉर्डर बंद केला, पाणी आणि पापड समोर आला, आणि त्यांनी माझा हात धरला. "बेटा, एवढं सगळं लिहून घेतलंस. आता माझ्या अदाला शोधून देशील ना?" अदा म्हणजे भाऊ.

मी म्हणाले, "प्रयत्न करते."

याला नऊ दिवस झाले. नातीचा दोनदा फोन येऊन गेला, अम्मा विचारताहेत म्हणून. मी काय प्रयत्न करणार आहे, हे मलाच माहीत नाही.

तर मदत हवी आहे ती अशी. इतक्या वर्षांनी सीमेपलीकडच्या माणसाचा शोध घ्यायची काही रीतसर वाट आहे का? संशोधक म्हणून मी त्यात पडावं का, की तिथे माझं काम संपतं? कागद कुठे मिळतील? आणि एक वेगळा प्रश्न : प्रगती अहवालाच्या वेळी समितीतल्या एकांनी विचारलं की कराचीची दंगल म्हणजे 'सशस्त्र संघर्ष' कसा? मला नीट उत्तर देता आलं नाही.

अम्मांची ओळख पटेल असं काही मी इथे लिहिणार नाही, कृपया विचारू नका.

प्रतिसाद : वर्धारोड

शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण तेवढंच माझं क्षेत्र आहे.

समितीचा आक्षेप बरोबर आहे. तो टाळू नका. विखुरलेल्या कुटुंबांबद्दलचा आंतरराष्ट्रीय कायदा म्हणजे मुख्यतः चौथा जिनिव्हा करार, तारीख १२ ऑगस्ट १९४९. त्याचं कलम २५ कुटुंबीयांना एकमेकांची खबर कळवण्याबद्दल आहे आणि कलम २६ युद्धामुळे पांगलेल्या कुटुंबांनी एकमेकांचा शोध घेण्याबद्दल. पुढे १९७७ च्या पहिल्या पूरक प्रोटोकॉलमध्ये कलम ७४ आलं, ते पुनर्भेटीचं, आणि कलम ३२ मध्ये आपल्या माणसाचं काय झालं हे जाणण्याचा कुटुंबाचा हक्क मान्य झाला. भारताने १९४९ च्या करारांना १९५० मध्ये मान्यता दिली, १९७७ च्या प्रोटोकॉलना दिलेली नाही. तुमच्या अम्मांची बोट सुटली तेव्हा यातलं काहीच नव्हतं. शिवाय कराचीत दोन सैन्यं लढत नव्हती. तेव्हाच काश्मीरमध्ये मात्र युद्ध चालू होतं. मीरपूर नोव्हेंबर १९४७ मध्ये पडलं, तिथल्या ताटातुटीला तुम्ही निःशंकपणे सशस्त्र संघर्षातली म्हणू शकता. कराचीसाठी 'सामूहिक हिंसा आणि विस्थापन' असं लिहा आणि दोन्हींची तुलना का करताय ते एका परिच्छेदात मांडा.

आणखी एक. फाळणीत पळवून नेलेल्यांना शोधून घरच्यांकडे परत पाठवण्यासाठी आपल्याकडे केलेला १९४९ चा अपहृत व्यक्तींबाबतचा कायदा मुळातून वाचा. अपहृत कोण, याची व्याख्या बघा : कोणत्याही वयाची स्त्री किंवा सोळा वर्षांखालचा मुलगा, जी व्यक्ती मुसलमान आहे किंवा १ मार्च १९४७ च्या लगेच आधी होती, आणि त्या दिवसापासून १ जानेवारी १९४९ च्या आत आपल्या कुटुंबापासून तुटून दुसऱ्याच्या घरी किंवा ताब्यात आहे. मधल्या काळात तिला झालेलं मूलही त्यात धरलं. तिला जायचं आहे का, हा प्रश्न त्या व्याख्येत नाही. ताटातूट दंगलखोर करतात हे आपण धरून चालतो. इथे पुनर्भेटीच्या नावाखाली सरकारनेही केली, कितीतरी बायकांची पोटच्या पोरांपासून. १९५७ मध्ये हा कायदा संपला. प्रबंधात याला जागा द्याच.

प्रतिसाद : संत्रानगरी

नव्वदीकडे झुकलेल्या बाईच्या जखमेवरची खपली कशाला काढायची? तो भाऊ आज हयात असायची शक्यता किती? तुमची मुलाखत झाली, आता निघा तिथून.

धागाकर्ती

संत्रानगरी, मीही पहिले दोन दिवस हेच स्वतःला सांगत होते. पण खपली मी काढलेली नाही. त्यांनी मला विचारलंय. वडिलांच्या पत्रांना उत्तर आलं नाही तेव्हापासून त्या विचारतच आहेत, फक्त ऐकायला कुणी नव्हतं.

प्रतिसाद : मायेची_सावली

मी समुपदेशनात वीस वर्षं आहे. जरा सविस्तर लिहिते.

पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासक. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरच्यांबरोबर त्यांनी १९७० च्या दशकात काम केलं आणि त्यातून एक कल्पना मांडली. मराठीत मी तिला 'अनिश्चित वियोग' म्हणते. माणूस गेलाही नाही आणि आहेही नाही. तेरावं घालता येत नाही, वाटही बघवत नाही. अशा घरांत दुःख अडून राहतं आणि बाहेरच्यांना तो हट्ट वाटतो. अम्मांचा प्रश्न या नजरेने बघा. भाऊ सापडेल या आशेइतकंच, कुणीतरी शोधलं होतं हे त्यांना हवं असेल.

लहान वयात तुटलेल्यांबद्दल आपल्याला थोडंफार माहीत आहे ते दुसऱ्या महायुद्धामुळे. लंडनवर बॉम्ब पडत असताना ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या बालमनोविश्लेषक हॅम्पस्टेडला मुलांसाठी घरं चालवत. बॉम्बपेक्षा आईपासून तुटणं मुलांना जास्त जड जातं, असं त्यांनी रोजच्या नोंदींतून दाखवलं. तुम्ही बारा जणांशी बोललात, तर एक पडताळून पाहा : त्यांना हिंसा आठवते की बोट सुटणं? मला वाटतं उत्तर तुमच्याकडे आधीच आहे.

आता वाट. रेड क्रॉसचं हे जुनं काम आहे. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात त्यांनी बाझेलला पहिली शोधसंस्था काढली, आणि पहिल्या महायुद्धात जिनिव्हात कैद्यांची सुमारे ७० लाख कार्डं जमली. आजही हे काम देशोदेशीच्या रेड क्रॉस आणि रेड क्रेसेंट संस्थांमार्फत चालतं, त्यासाठी पैसे पडत नाहीत. भारतीय रेड क्रॉसकडे अर्ज करायचा, पुढचा तपास पाकिस्तान रेड क्रेसेंटकडे. पण अर्ज घरच्यांनी करायचा, तुम्ही नाही. नातीला बरोबर घेऊन जा. माणूस सापडला तरी त्याच्या संमतीशिवाय पत्ता दिला जात नाही, हे अम्मांना आधीच सांगा.

आणि 'प्रयत्न करते' हा शब्द मागे घ्या. त्याऐवजी नेमकं सांगा : अमुक दिवशी अर्ज भरू, त्यानंतर दर महिन्याला मी येईन, बातमी नसली तरी येईन. यात तुमच्या संशोधनाला कमीपणा येत नाही. एल साल्वादोरमध्ये यादवीत मुलं हरवली, तेव्हा फादर जॉन कोर्तीना यांनी कुटुंबांबरोबर १९९४ मध्ये प्रो-बुस्केदा ही संस्था उभी केली. शोधणं आणि नोंदी करणं तिथे एकाच टेबलावर चाललं, आणि १९८२ मध्ये सैनिकी मोहिमेत बेपत्ता झालेल्या सेरानो क्रूझ बहिणींचं प्रकरण २००५ मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाच्या निकालापर्यंत गेलं.

प्रतिसाद : पायवाट

पाकिस्तानातल्या करतारपूरला जानेवारी २०२२ मध्ये ४७ साली तुटलेले दोन भाऊ भेटले होते, व्हिडिओ पाहून रडलो होतो. तेही यूट्यूबवरूनच जुळलं. अम्मांचा व्हिडिओ टाकून बघा की.

प्रतिसाद : मायेची_सावली

पायवाट, कळकळ समजते. पण एकदा चेहरा बाहेर गेला की परत घेता येत नाही. दक्षिण कोरियात १९८३ मध्ये केबीएस वाहिनीने कोरियन युद्धात ताटातूट झालेल्यांसाठी हेच केलं होतं, १३८ दिवस, एकूण ४५३ तास ४५ मिनिटं. लोक पाट्या घेऊन उभे राहिले आणि १०,१८९ पुनर्भेटी झाल्या. पण कॅमेऱ्यापुढे यायचं ते त्यांचं त्यांनी ठरवलं होतं. अम्मांनी स्वतः म्हटलं तरच.

प्रतिसाद : जुना_दप्तरी

कागदांचं मी सांगतो. निवृत्त आहे, दप्तरखान्यात आयुष्य गेलं.

पहिल्यांदा घरातली पेटी उघडायला लावा. 'क्लेम'चे कागद आहेत का विचारा. निर्वासितांचे मालमत्तेचे दावे १९५० च्या कायद्याखाली नोंदले गेले आणि भरपाईचा कायदा १९५४ चा. सिंधी घरांत हा क्लेम शब्द अजून चालतो, आणि लोकांनी ते कागद जपलेत. त्यात मूळ गाव, मोहल्ला, वडिलांचं नाव हे सरकारी लिखाणात मिळेल. आठवणीपेक्षा ते भक्कम.

दुसरं, १९५६ पर्यंत नागपूर राजधानी होतं हे विसरू नका. मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारच्या पुनर्वसनाच्या फायली शोधायला आधी इथल्याच पुराभिलेखागारात जा, दिल्लीला नंतर. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या सूची 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर घरबसल्या चाळता येतात. १९५१ च्या जनगणनेत विस्थापितांची मोजणी वेगळी केली होती, देशभरात सुमारे ७३ लाख. त्या काळी आकाशवाणीवरून हरवलेल्यांसाठी निरोपही सांगत. अम्मांच्या वडिलांनी असा निरोप दिला होता का, विचारा. फायली मागताना नावाची स्पेलिंगं चार-पाच तऱ्हेने शोधा, कारकून ऐकू येईल तसं लिहीत.

प्रतिसाद : सिंधूकाठ

मी जरीपटक्यातलाच. आजी-आजोबा तिकडून आलेले. एक गोष्ट वर कुणी लिहिली नाही म्हणून सांगतो.

ताई, अम्मांचं लग्नाआधीचं नाव विचारलंत का? आडनाव नाही म्हणत, नावच. आमच्यात लग्नात मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलायची पद्धत होती. अम्मांचं आज जे नाव आधार कार्डावर आहे ते त्यांच्या भावाने कधी ऐकलेलंच नसेल. तो शोधत असला, तर तो वेगळ्याच मुलीला शोधतोय. आणि तो तिकडे कुठल्या मुसलमान घरात वाढला असेल तर त्याचंही नाव बदललं असणार. म्हणजे अर्जात दोन्ही आजची नावं निरुपयोगी. वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, गाव, पाडा, वडिलांचा धंदा आणि दोघांची घरातली लाडाची नावं, एवढंच काय ते कामाचं.

अदा हे काही नाव नव्हे. आमच्याकडे लहान बहीण मोठ्या भावाला नावाने हाक मारत नाही. सहा वर्षांच्या मुलीला त्याचं खरं नाव ठाऊक होतं का, तेही बघा. माझी आजी तिच्या मोठ्या बहिणीला शेवटपर्यंत 'अदी'च म्हणायची. खरं नाव आम्हाला मृत्यूच्या दाखल्यावर कळलं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सिंधूकाठ, तुमचा प्रतिसाद वाचला आणि ट्रान्सक्रिप्ट काढून बसले. अडीच तासांत मी नाव एकदाच विचारलं होतं, सुरुवातीला, फॉर्म भरताना. आधार कार्डावरचं.

काल संध्याकाळी गेले. ऊन उतरल्यावर. आधी मायेची_सावली यांनी सांगितलं तसं स्पष्ट बोलले : मी शोधून देईन असं नाही, पण पुढच्या सोमवारी नात आणि मी रेड क्रॉसमध्ये अर्ज घेऊन जाऊ आणि दर महिन्याला मी येईन. अम्मांनी "हा, हा" केलं, जणू त्यांना यापेक्षा जास्त नकोच होतं. पेटीत क्लेमचा एक पिवळा कागद निघाला. वडिलांचं आणि आजोबांचं नाव त्यात आहे, गावाचंही. भावाचं नाव अम्मांना खरंच येत नाही. दोन लाडाची नावं सांगितली, एक आई हाक मारायची ते, एक वडील.

मग नातीने विचारलं, "अम्मा, तुझं लग्नाआधीचं नाव काय?" अम्मा बराच वेळ गप्प होत्या. मला वाटलं, चुकलं काहीतरी. मग हळूच सांगितलं, आणि नातीला परत म्हणायला लावलं. नातीने म्हटलं. अम्मा म्हणाल्या, "फिर बोल."

नातीला ते नाव काल पहिल्यांदा कळलं. घरात कुणालाच माहीत नव्हतं.

सोमवारी जाऊन आले की इथे लिहिते. जुना_दप्तरी काका, पुराभिलेखागारात फाइल मागायचा अर्ज कसा लिहायचा ते जरा सांगाल का?