मदत हवी आहे : मुक्तस्रोत प्रणालीच्या करारात कोणती अट घालावी?

रावेर तालुक्यातील आमच्या केळी उत्पादक कंपनीत वजनकाट्याची पावती, दिवसाचा भाव आणि शेतकऱ्याचे येणे यांचा हिशेब ठेवणारी प्रणाली बदलायची आहे. जुन्या पुरवठादाराने करार संपताना चार हंगामांची माहिती केवळ पीडीएफच्या गठ्ठ्यात दिली. ती आम्ही अजून हाताने भरत आहोत.

मुंबईच्या फ्रापे कंपनीची ईआरपीनेक्स्ट ही व्यवसायाचा हिशेब ठेवणारी प्रणाली जीपीएल ३ या मुक्तस्रोत परवान्याखाली आहे, म्हणजे तिची संहिता (प्रोग्रामचा मूळ मजकूर) कोणालाही पाहता, वापरता आणि बदलता येते, म्हणून तिच्यावर काम करणाऱ्या तिघांकडून दरपत्रके मागवली. तिघेही प्रणाली स्वतःच्या सर्व्हरवर चालवणार, आणि तशा वेळी बदललेली संहिता ग्राहकाला देण्याची सक्ती जीपीएल करत नाही (एजीपीएल हा तिच्याच धर्तीचा दुसरा परवाना ती करतो), हे वाचल्यावर आमचा उत्साह मावळला. केंद्र सरकारचे २०१५ चे मुक्तस्रोत धोरणही चाळले. पण ते सरकारी यंत्रणांसाठी आहे, आम्हाला लागू नाही. शिवाय मालक कंपनी पुढे परवाना बदलूही शकते : हॅशीकॉर्प या सॉफ्टवेअर कंपनीने २०२३ मध्ये आपल्या टेराफॉर्म या प्रणालीचा मुक्तस्रोत परवाना बदलल्यावर जुन्या संहितेवरून ओपनटोफू ही वेगळी शाखा (स्वतंत्रपणे सांभाळलेली आवृत्ती) निघाली. तशी शाखा सांभाळणे आमच्या आवाक्याबाहेरचे आहे.

संगणकाचे जाणकार आमच्याकडे एकच आहेत, तेही अर्धवेळ. स्वतःचा सर्व्हर ठेवणे भारनियमनामुळे शक्य नाही.

आमच्यासाठी केलेल्या बदलांची संहिता आणि डेटाबेसची पूर्ण प्रत दरमहा मिळावी, अशी अट कोणी करारात घातली आहे का? असल्यास तिची शब्दरचना काय होती, आणि पुरवठादाराने ती पाळली का?